हौदावरची शिळा

नाना,

उद्या तुमच्या हौदावर तुमच्या नावाची शिळा बसवणार आहेत. ‘सर्वांसाठी पाणी खुले करणारे पत्रकर्ते’ असं कोरलंय. चार शब्द बोलायला तुमची लेक म्हणून मला जळगावहून बोलावलं, म्हणून धुळ्याच्या घरी, तुमच्या माघारी, तुमच्याच मेजाशी बसलेय. बोलायचं काय, याचाच घोर लागलाय. तुमचं कौतुक करायला मला शब्द कमी पडतील होय? दुष्काळात पदरमोड करून तुम्ही आपल्या छापखान्यासमोर हौद बांधलात, मुलींची शाळा काढलीत आणि लोक हसत असताना पहिल्या बाकावर मला नेऊन बसवलंत. पण ती शिळा अर्धंच बोलते, नाना.

उन्हाळ्यातली ती दुपार मला अजून दिसते. हौद नुकताच भरलाय. साप्ताहिकाचा अंक छापला जातोय आणि तुम्ही तुमचा अग्रलेख मला मोठ्यांदा वाचायला लावताय. ‘पाण्याला जात नसते.’ यंत्राचं चाक फिरवतायत आबा, गावाबाहेरच्या वस्तीतले. मी त्यांना आबा म्हणायची, तुम्ही अरे-तुरे करायचात. त्यांनी छापलेला कागद साऱ्या खानदेशात घरोघर जाई, पण त्यांच्या हातचं पाणी आपल्या घरात चालत नसे. त्यांना तहान लागली की कुणीतरी वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळीने प्यायचं. माझं वाचन ऐकून ते चाक सोडतात, हात पुसतात आणि सरळ हौदाकडे निघतात. घागरी घेतलेल्या बायका मागे सरतात. गप्पा मारायला आलेले वर्गणीदार तुमच्या तोंडाकडे बघतात. आणि तुम्ही दारातूनच म्हणता, “थांब रे जरा. आजच नको. लोकांना सवय होऊ दे.”

आबा तसेच परत फिरले आणि कोरड्या घशाने त्यांनी तोच अग्रलेख पुढे छापला. रात्री पानं वाढताना आई पुटपुटली, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.” मला तिचा इतका राग आला! तुम्ही मात्र खाली मान घालून जेवलात. पुढच्या अंकात याहून कडक लेख लिहिलात, पण आबांना ‘आता ये’ म्हणून कधी बोलावलं नाहीत. ती सवय व्हायची तुम्ही जन्मभर वाट बघितलीत.

आज सकाळी मी वस्तीत जाऊन आले. आबांना आता दिसत नाही. म्हटलं, उद्या शिळेच्या आधी पहिला तांब्या तुम्ही भरा, तुम्ही प्या आणि मलाही द्या. ते हसले.

“नाना चांगला माणूस व्हतात, अक्का. पन तहान तवय लागनी व्हती. आते पानी पीसन काय करू?”

यावर तुम्ही काय म्हणाला असतात, नाना?

ती दुपार मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. शिळा बसवणारे नाराज होतील, धाकटा भाऊ तर माझ्याशी बोलणं टाकेल. होऊ दे. हा कागद तुमच्या मेजाच्या खणातच राहील, म्हणून एवढं सांगून टाकते. वस्तीतून परत येताना हौदापाशी थांबले होते. शिळा भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि तुमच्या नावावरची धूळ पदराने पुसली.