पडद्यावर न दिसणारे पाय

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार. ('दोन्ही' मुद्दाम लिहिलंय, कारण पुढे येईल.) साखर किती हे विचारत नाही, तुमचं "ठणठणीत" मला पाठ झालंय. व्हिडिओवर तुम्ही फक्त चेहरा दाखवता, म्हणून हे पत्र.

मला नर्सची बढती मिळाली, वरच्या हुद्द्यावर. आता डॉक्टरांना न विचारता मी रुग्ण तपासते, औषधं बदलते. फक्त रुग्ण समोर नसतो. पूर्वी मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायचे त्या खोलीत बसून पडद्यावर दिवसाला तीस चेहरे बघते. सोय आहे, नाकारत नाही. तीन बस बदलून येणाऱ्या बायका आता घरूनच रक्तदाब कळवतात. पण माझी निम्मी विद्या नाकात (तुम्ही ज्याला पोपटाची चोच म्हणायचात, तेच). वॉर्डात शिरताच कुणाची जखम चिघळलीय ते मी सांगायचे. पडद्यातून वास येत नाही, मामा.

माझे एक रुग्ण घड्याळं दुरुस्त करायचे. तुमच्यासारखीच जुनी साखर. दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट, भांग पाडून हजर. (खाली पायजमा, हे नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं.) पायांचं विचारलं की म्हणायचे, "घड्याळासारखे चालतात!" मी हसायचे आणि 'धोका नाही' या चौकटीत खूण करायचे. सलग पाच मंगळवार. एवढ्या नटून बसलेल्या माणसाला मोजे काढायला सांगणं माझ्या जिवावर आलं. सहाव्या मंगळवारी पडद्यावर त्यांची बायको आली. पाय गुडघ्याखालून कापला होता, तरी ते वाचले नाहीत. वर तीच मला म्हणाली, "त्यांना तुमचं हसणं फार आवडायचं." त्या दिवशी मी उरलेल्या सगळ्यांना मोजे काढायला लावले, सर्दीवाल्यालासुद्धा. साहेबांनी मेमो दिला (वेळ वाया घालवल्याबद्दल). मी अजून रडते, आणि अजून मोजे काढायला लावते.

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
पोपटाची चोच

ता. क. मामीने काल तुम्ही झोपलेले असताना तुमच्या पायाचा फोटो पाठवला. महिनाभर "बूट चावलाय" म्हणताय तो अंगठा काळा पडलाय. तिच्यावर चिडू नका.

आणखी ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे बघितलंत ना? मी बाहेरच्या खोलीत बसलेय. मला बघताच तुम्ही आतून कडी लावलीत, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. गाडी खाली उभी आहे. आज निघालात तर कदाचित अंगठ्यावर भागेल. कडी काढा, मामा. वास दाराबाहेर येतोय.