बाबाले काय सांगू?

प्रिय रोशनी,

उद्या विहारात पौर्णिमेची वंदना झाली का तुहे बाबा मले माईक देणार हायेत. आज सकाळीच घरी येऊन सांगून गेले. "पोरी, तू तिच्यासोबत त्या तपासणीच्या गाडीत फिरली. उभी राहजो अन सांगजो गावाले, माह्या रोशनीचा रिपोर्ट साफ होता म्हणून." चहा दिला तर कप हातातच थंड झाला त्यायच्या. आता काय करू बाप्पा? तुले विचारल्याबिगर म्या कधी काही केलं होतं का?

तू डेंग्यूनं गेली. मले माहीत हाये, डॉक्टरले माहीत हाये. पण नाचणगावात कोण मानते? "तिले एचआयव्हीच होता, म्हणून तर घडीघडी रक्त तपासे!" अन हे बोलणारे कोण? ज्यायच्या पोट्ट्याइले तू हाताले धरून तपासाले नेलं, तेच! असा संताप येते न, का एकेकाच्या दारात जाऊन भांडावं वाटते.

अन तुले तरी काय म्हणू! साऱ्या जगाले 'तपासा, तपासा' करत फिरली अन सोताचा ताप गोळीवर काढला. म्हणे, "थोडी कणकण हाये, जाईन उतरून." उतरला का? काऊन नाई ऐकलं वो माहं?

तुही रीतच उलटी होती. भरतीची तयारी करणारे पोट्टे सकाळी पुलगाव रोडनं धावाले निघत, कोणी मिलिटरीसाठी, कोणी पोलिसासाठी. आपण ग्राउंडजवळ संस्थेची एचआयव्ही-गुप्तरोग तपासाची गाडी लावून बसलेलो. ते लांबूनच सटकत. "काही निघालं तर मेडिकलमध्ये नाव कटन न!" मंग तू खाली उतरली अन सरळ सोताचं बोट पुढं केलं. "आधी माहं टोचा. मी मेली तर पळून जाजा." सारे हसले. एक आला, मंग त्याच्या मागं दुसरा. तवापासून दर गावात तू आधी सोताचंच बोट टोचून घे. म्या म्हटलं होतं, लोक नाव ठेवतीन. तू म्हणे, "ठेवू दे न. मी काय त्यायची मॅडम हावो का? त्यायच्याच वयाची हाये. मी भ्याली तर ते कायले येतीन?" ठेवलंच न मंग लोकाइनं नाव.

तुले तो आठवते? नाव नाई लिहत, तूच शिकवलं मले. उंच, सगळ्याइच्या पुढं धावणारा. त्याले सिफिलिस निघाला तर गाडीच्या मागं जाऊन रडत बसला होता. तिकून एक पोट्टा ओरडला, "आमचं साफ हाये!" कशी भडकली होती तू! "साफ म्हणू नको. मंग काही निघालं तो माणूस घाण हाये का बे?" अन त्याच्या बाजूले मातीतच बसली. त्यानं इंजेक्शन घेतलं, बरा होऊन राह्यला होता. ज्या पोरीसंग त्याचं जमलं होतं तिले बी तपासणीले आणतो म्हणून तुले शब्द दिला होता त्यानं.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाले पेंडॉल भरला होता. वंदना झाली, अन जेवाची पंगत बसाच्या वक्ताले एकेक जण चप्पल शोधाले लागला. कोणाची बस, तर कोणाचं पोट दुखे. तुह्या घरचं अन्न त्यायच्या घशाखाली उतरेना! वरण-भात, आलू-वांगे, बुंदी, सारं तसंच पडून. तो उंच पोट्टा मात्र बसला. ताट भरून घेतलं, भाजी पुन्हा मागितली. मले इतकं बरं वाटलं, काय सांगू!

तेवढ्यात बाबानं माईक घेतला. रडत रडत म्हणे, "माही पोरगी साफ होती! तिले तसली घाण नव्हती!"

रोशनी, तो खाता खाता थांबला. ताट तसंच सोडलं अन उठून गेला. तवापासून त्याचा फोन बंद हाये. ग्राउंडवर बी येत नाई. अन ती पोरगी कोण, कुठली, मले काहीच माहीत नाई. तिच्या अंगात काय वाढून राह्यलं, हे तिले तरी कुठं माहीत असन?

पण बाबावर कशी रागावू? पोरगी गेली, अन वरून ही बदनामी. नळावर गेले तर लोक बाजूले सरकतेत. त्यायले माह्या तोंडून एकच वाक्य पाहिजे, अन ते खरं हाये! खोटं बोलाचं बी काम नाई. पण रोशनी साफ होती म्हणून मी माईकवर सांगितलं, तर ज्यायच्या रिपोर्टात काही निघालं त्यायनं कुठं जाचं? अन बाकीचे म्हणतीन, हे गाडीवाले माणूस मेल्यावर त्याचा रिपोर्ट गावभर सांगतेत. मंग कोण बोट देईन?

तसं आता देते तरी कोण? काल ग्राउंडवर मी बी आधी माहं बोट टोचून घेतलं. कोणी थांबलं नाई. गाडी जशी गेली तशी रिकामी आली. खरं सांगू? हे तुह्यासोबतच संपलं असं वाटते मले. रोज सकाळी कायले उठून जातो, कोण जाणे.

तरी उद्या विहारात जाईन. मी म्हणीन, रोशनी डेंग्यूनं गेली, अन तिचा रिपोर्ट तिचा हाये. बस. बाबा माह्याकडं पाहत राहतीन, अजून एक वाक्य येईन म्हणून. ते येणार नाई. त्यायनं पुन्हा कधी मले पोरी म्हणून हाक मारली नाई तरी चालन. चालन म्हणतो खरं, पण नाई चालणार वो. तरी तुले शब्द देतो रोशनी, मी त्या वाक्याच्या पुढं एक अक्षर बोलणार नाई. बाबाले रडू देईन.

तुही,
स्नेहल