चाखल्याशिवाय न बोललेला आवाज

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन जेमतेम महिना झाला आणि आज तुम्हाला पुन्हा कामाला जुंपायचं घाटत होतं! म्हणून हे पत्र.

आपल्या रेडिओचे साहेब म्हणाले, "आप्पांची सगळी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरला दिली की तो त्यांच्याच आवाजात नवी जाहिरात बोलेल. वरवंडच्या गुऱ्हाळवाल्याला सकाळी सातला आप्पाच पाहिजेत. त्यांच्या घरी जाऊन काकूंची सही तेवढी आण." मग नमुना ऐकवला. हुबेहूब तुम्ही! 'राम राम मंडळी'च्या आधी घेता तो श्वाससुद्धा. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

काय आवाज होता हो तुमचा! शिरूरच्या स्टँडवर तुम्ही नुसता चहा मागितलात तरी माना वळायच्या. मेंढरांमागं हाळ्या देऊन कमावलेला हा आवाज इतका जपून वापरायला तुम्हाला कोणी शिकवलं?

भांडगावच्या त्या मावशी आठवतात? फवारणीचा पंप घेऊन थेट स्टुडिओत आल्या. "तुमी रेडिओत चांगला हाय म्हनला, म्हून घेतला. आन् ह्यो बगा, कसा गळतोय!" पंप काही तुम्ही विकला नव्हता. तरी तो पाठीला लावून दुकानात गेलात, बदलून आणलात. दुसऱ्या दिवशी माईकवर म्हणालात, "मंडळी, चूक माझी हाय. न बघता बोललो." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र काचेपलीकडून तुमच्याकडे बघतच राहिले.

त्यानंतर वापरल्या-चाखल्याशिवाय तुम्ही एकही जाहिरात वाचली नाहीत. किती छळलंत मला! इकडे दुकानदार ताटकळतोय आणि तुम्ही त्याच्या चपला घालून यवतचा बाजार पालथा घालताय. "आप्पा, नुसतं वाचायचं तर आहे!" असं मी करवादायचे. त्या बोलण्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी काकूंपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"ह्यो गूळ ह्यांनी खाल्लाय व्हय?"

"नाही, काकू. गुऱ्हाळ यंदाच सुरू झालंय."

"मग चांगला हाय म्हून ह्यांच्या तोंडून कसं वदवताय गं?"

कागद तसाच परत आणला आणि साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते भडकले. "मग वाचणार कोण?"

"मी वाचेन," मी म्हणाले. आप्पा, चार वर्षं तुमच्यासाठी नुसतं लिहिणारी मी! माईकसमोर कधी खोकलेसुद्धा नाही. साहेबांनी आठ दिवस दिलेत. गुऱ्हाळवाला गेला तर माझी नोकरीही जाईल.

उद्या आधी वरवंडला जाते. गूळ चांगला निघाला तरच परवा सातला बोलेन. आवाज कापेल, लोक तुमची आठवण काढून मला नावं ठेवतील. ठेवू देत. पण शब्द देते आप्पा, तुम्ही न बोललेलं एक अक्षरही तुमच्या आवाजात कोणाला बोलू देणार नाही.

तुमची,
सुजाता