थंड नळीची गोळी

मी, रॉस्को एल्मर टिबेट्स, विधुर, राहणार बेअरग्रास ओढा, लेमहाय परगणा, आयडाहो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो लिहिताना. चाप ओढताना कापत नाही. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगायला घरात कोणी नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही माझा पुतण्या डॅरेल टिबेट्स याच्या नावे होते, ते मी या लेखाने रद्द करतो.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सॅमन गावचे वकील डेल्बर्ट योस्ट यांनी करावी. वाक्ये छोटी ठेवा आणि आठवणी लिहू नका, असे त्यांनी मला बजावले होते. वाक्ये छोटी ठेवली आहेत.

कलम दुसरे. घर, गोठा आणि ओढ्यापर्यंतची जमीन डॅरेलला द्यावी. तो ती विकेल. विकावी. बॉयझीत राहणाऱ्या माणसाला इथल्या हिवाळ्याचा काही उपयोग नाही. बँकेत जे असेल त्यातून मला पुरावे, माझी बायको लव्हीना हिच्या डाव्या बाजूला. उरेल ते गावच्या वाचनालयाला द्यावे. लव्हीना तिथे काम करी. मुदत संपलेले पुस्तक ती लोकांना रस्त्यात गाठून परत मागे. लोक तिला पाहून फुटपाथ बदलत.

कलम तिसरे. तिवईवरची मोठी दुर्बीणही डॅरेललाच. त्याने एकदा माझी रायफल हातात घेतली आणि हसला. "काका, हिने ससा तरी पडतो का हो?" पुढच्या वर्षी तो स्वतःची घेऊन आला. जाड नळीची, वर सायकलच्या पंपाएवढी दुर्बीण. नेमबाजीच्या मैदानावर त्याने पाच गोळ्या एका बटणाएवढ्या जागेत बसवल्या. मग डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली, ती वजनदार वस्तू खांद्यावर घेतली, पहिल्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. "इथूनच बघतो मी. दिसतंय की सगळं." त्याला लांबून बघायला आवडते. म्हणून दुर्बीण.

कलम चौथे, रायफलीबद्दल. तिचा सर्व तपशील इथे लिहून ठेवतो, कारण घेणाऱ्याला ती काय आहे हे माहीत असावे.

वडिलांची रायफल घेऊन मी चाळिशीपर्यंत डोंगर चढलो. मग गुडघा बोलायला लागला. लव्हीनालाही शिकारीला यायचे होते आणि वडिलांची रायफल तिला उचलत नव्हती. आम्ही सॅमनला दुकानात गेलो. मी म्हणालो, डोंगरावर नेता येईल इतकी हलकी दाखव, आणि मैदानावर तिने नेमही धरला पाहिजे.

"रॉस्को, एक ध्यानात ठेव," दुकानदार म्हणाला. "चढताना प्रत्येक छटाक तुला शिव्या देतं. झाडताना तेच छटाक तुला धरून ठेवतं. दोन्ही हवं तर दोन रायफली घे."

"दोन घेतल्या की एक भिंतीवर राहते," लव्हीना म्हणाली. "आमच्या भिंतीवर जागा नाही. तिथे माझी आई आहे."

त्याने सगळ्यात हलकी काढली. ती मोठे काडतूस घेणारी होती.

"हिचा धक्का कसा?" लव्हीनाने विचारले.

"बसतो थोडा."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे बाई, दोन दिवस डाव्या हाताने केस विंचरायचे."

"नको मग. मी ह्याला ओळखते. खांदा दुखला की हा म्हणणार, आज उजेड बरा नाही. सराव बंद."

तिचे म्हणणे बरोबर होते. जी दुखवते तिच्याशी माणूस सराव करत नाही, आणि सराव नसेल तर हलकी काय आणि जड काय. आम्ही मधली घेतली. मध्यम काडतूस, मऊ धक्का. नळी बारीक, पण अगदी काडी नाही. दुर्बीण लहान. अक्रोडाचा दस्ता आम्ही लव्हीनाच्या हाताच्या मापाने कापून घेतला; मोठ्या माणसाला आखूड दस्ता चालवता येतो, लहान माणसाला लांब येत नाही. वजन तान्ह्या मुलाएवढे. आम्हाला मूल नव्हते. ही तुलना दुकानदाराची आहे.

घेणाऱ्याने एवढे पाळावे. सरावाला आणि शिकारीला काडतूस एकच वापरावे. सरावाला स्वस्त आणि शिकारीला भारी असे करणारा दोन्हीकडे चुकतो. आणि नळी तापू देऊ नये. तीन गोळ्या ठीक जातात, मग नळी गरम होते आणि गोळ्या वर चढू लागतात. अशा वेळी रायफल सावलीत उभी करून थांबावे. मला थांबणे जमत नव्हते. त्यातून पुढचे कलम निघते.

कलम पाचवे. ओढ्यापलीकडचा माझा शेजारी हार्लन गॅसवे, आता मयत, याच्याविरुद्धची माझी तक्रार मी कायम ठेवतो.

शिकारीच्या हंगामाआधीच्या शनिवारी आमचे सगळे खोरे खडीच्या खाणीत जमते. फळ्यांवर कागदी ताटल्या ठोकतात, बायका घरी भाजलेले ॲपल पाय आणतात, प्रत्येक जण आपापली रायफल नेमाला आणतो. त्या वर्षी नवी रायफल होती, लोक बघत होते. मी दुपारभर झाडत राहिलो. नळीला हात लावता येत नव्हता. गोळ्या वर जात होत्या, म्हणून दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नेम खाली आणला. शेवटी ताटलीच्या मध्यावर एकच भोक उरले. टाळ्या वाजल्या.

हंगामाच्या पहिल्या पहाटे डोंगरावर बर्फ होते. नळी लोखंडासारखी थंड, म्हणजे ती जशी असायला हवी तशी. समोर एल्क हरणाचा मोठा नर उभा होता. गोळी त्याच्या पोटाखालून गेली. तो धावला नाही. चालत कडा ओलांडून पलीकडे गेला. पलीकडे हार्लन होता.

संध्याकाळी हार्लन मागच्या पायाचे मांस कापडात गुंडाळून दारात आला. मागे त्याची बायको ओपल उभी होती.

"घे रॉस्को, तुझा वाटा. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही रे, आधी ताटली होऊन उभा राहा म्हणून."

ओपल हसली. मी मांस परत दिले. विनोद चांगला होता. तेच लागले. त्यानंतर मी आणि हार्लन बोललो नाही. तो गेला, तरी दोन घरांना न बोलण्याची सवय राहिली.

त्या हंगामापासून मी रोज सकाळी एक गोळी झाडतो. एकच. घरामागच्या उतारावर ताटली लावलेली असते. डोंगरावर पहिली गोळी थंड नळीतून जाते आणि दुसरी बहुधा मिळत नाही. म्हणून सरावही तिचाच. लव्हीना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीने ताटली वाचायची. "दोन बोटं डावीकडे. कोणावर चिडलायस?" ती गेल्यापासून मी स्वतः ताटलीपर्यंत चालत जाऊन बघतो. चालायला वेळ लागतो. वेळ आहे.

कलम सहावे. या फेब्रुवारीत मला ताप आला आणि मी अंथरुणातून उठलो नाही. मग एका सकाळी दाराशी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज आला. ओपल गॅसवे ओढा ओलांडून चालत आली होती. हातात झाकण बांधलेले पातेले.

"काडतुसं संपली की तू संपलास, ते बघायला आले," ती म्हणाली.

"ताप आहे."

"दिसतंय. चूल पण विझवलीस. शहाणाच आहेस."

तिने चूल पेटवली. मला बीन्सचे सूप पाजले. मी विचारले, गोळी ऐकू येते का तिकडे.

"अरे, हार्लन घड्याळ लावायचा त्यावर. म्हणायचा, टिबेट्स उठला, कॉफी ठेव."

हे मला कोणी सांगितले नव्हते.

मग तिने खुंटीवरची रायफल काढली, बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि खिडकीबाहेर धरली. दस्ता तिच्या खांद्यात नीट बसला. गाल आपोआप जागेवर आला. "अगं बाई, ही तर काहीच नाही. हार्लनची उचलली की माझा खांदा बोंब मारतो. म्हणून सोडलं मी डोंगरावर जाणं." बराच वेळ तिने ती खाली ठेवली नाही.

जाताना म्हणाली, "ताप उतरला की गोळी झाड. ऐकू आलं नाही तर परत येईन. पण सूप आणणार नाही, सांगून ठेवते."

ताप उतरला. मी रायफल घेऊन मागच्या अंगणात उभा राहिलो. झाडली नाही तर ती येईल, हे मला ठाऊक होते. नळी थंड होती. ओढ्यापलीकडे तिच्या धुराड्यातून धूर निघत होता. बराच वेळ उभा राहिलो. मग झाडली. ती आली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी हाच प्रश्न असतो, आणि रोज मी झाडतो.

ही रायफल, तिची दुर्बीण, काडतुसे भरण्याचे यंत्र आणि भरलेली सर्व काडतुसे मी ओपल गॅसवे हिला देतो.

कलम सातवे. ही गोष्ट मी जिवंत असेपर्यंत ओपलला सांगू नये. योस्ट म्हणतात, सांगितले तर बाईंना आनंद होईल, येणेजाणे सुरू होईल. तेच नको आहे. रायफल मिळणार म्हणून आलेले आणि आवाज आला नाही म्हणून आलेले, हे दाराबाहेरून सारखेच दिसते. मला दोन्हींतला फरक कळला पाहिजे.

ज्या सकाळी मी झाडणार नाही, त्या सकाळी ती बहुधा येईल. मला शोधणारी तीच असली, तर योस्ट यांनी रायफल लगेच तिच्या हाती द्यावी. कोर्टाची वाट पाहू नये.

ती आली नाही, आणि मी टपालवाल्याला किंवा डॅरेलला किंवा आणखी कोणाला सापडलो, तरी रायफल तिलाच द्यावी. का आली नाहीस, असे तिला कोणी विचारू नये. तिने स्वतःहून काही सांगायला सुरुवात केली, तर योस्ट यांनी तिला थांबवावे आणि सांगावे की त्या दिवशी वारा उलटा होता, इकडचे काहीच तिकडे ऐकू येत नव्हते. वारा कसाही असला तरी असेच सांगावे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि खाली सही केली.

(सही) रॉस्को एल्मर टिबेट्स

टिबेट्स यांनी आमच्या दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळत नाही. सातव्या कलमातली गोष्ट ओपल गॅसवे यांच्या कानावर जाऊ देणार नाही, असे तोंडी वचन त्यांनी आमच्याकडून घेतले, ते इथे नोंदवतो.

साक्षीदार:
(सही) एव्हरेट लुंड, टपाल वाटप, बेअरग्रास रस्ता
(सही) मॅव्हिस ट्रॉटर, केशकर्तनालय, सॅमन

सहीचे स्थळ: सॅमन, आयडाहो
दिनांक: ११ एप्रिल १९९७