उखळासारखं कुंड

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले आहे, तेही एका परक्या दगडामुळे. मागच्या वर्षी नातीच्या बाप्तिस्म्याला इंग्लंडला गेले होते. तुमचा नातू आता तिथेच असतो, सूनही तिथलीच. त्यांच्या खेड्यातलं चर्च शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि दाराशी दगडाचं बाप्तिस्म्याचं कुंड, तेही तितकंच जुनं. माझ्या कमरेएवढं, जरासं कललेलं, काठाचे दोन टवके उडालेले. पूर्वी लोक त्यातलं आशीर्वादाचं पाणी चोरून न्यायचे, म्हणून झाकणाला कुलूप असायचं. पुढे कधीतरी ते कुलूप उपटून काढताना काठ फुटला, असं व्याह्यांनी सांगितलं. आत हात घालून बघा, म्हणाले. मी घातला. आबा, आत छिन्नी-टाकीच्या घावांच्या खुणा होत्या. बोटांना चांगल्या लागत होत्या. कुणी घडवलं ते आता कळायचं नाही, पण त्याचा हात दिसतो की नाही, असं व्याही म्हणाले, आपल्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मला भडभडून आलं. "आई, काय झालं गं?" मुलानं विचारलं. "काही नाही रे, प्रवासाचा शीण," मी म्हटलं.

पंचवटीत भाजीबाजाराच्या कडेला गोणपाट अंथरून तुम्ही बसलेले असता. पापण्यांवरसुद्धा दगडाची भुकटी. बायका गुळगुळीत झालेले पाटे टाकी लावून पुन्हा खरबरीत करून घ्यायला येतात. मी शाळेतून येते आहे, आणि मैत्रिणी सोबत असल्या की मुद्दाम पलीकडच्या बोळातून जाते. तुम्हाला ते दिसायचं. तुम्ही कधी हाक मारली नाहीत. आपल्या चर्चला कुंड हवं म्हणून पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही उन्हाळाभर खपून काळ्या दगडाचं घडवलंत. जन्म गेला पाटे, जाती, उखळं करण्यात, तेव्हा कुंडही उखळासारखंच झालं आणि आतून तुम्ही पाट्यासारखी टाकी लावलीत. पाळकसाहेब म्हणाले, आतून तेवढं गुळगुळीत करा. तुम्ही हटूनच बसलात. "गुळगुळीत दगड म्हंजे झिजल्याला दगड, सायेब. नवा दगड हाताला लागला पायजे." माझं लग्न झालं तेव्हा ते नुकतंच बसवलं होतं.

मग माझ्या मुलाचा बाप्तिस्मा. देवळाली कॅम्पहून सासरची मंडळी आली होती, इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तर लावून. नणंदेनं कुंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगबाई, हे तर उखळ! पोराला बाप्तिस्मा द्यायचाय की कांडायचंय?" सगळे हसले. सगळ्यांत आधी मी हसले, आबा. तुम्ही चार हातांवर उभे होतात, धुतलेला सदरा घालून. वर मीच पाळकसाहेबांना म्हटलं, दगड गार असतो, बाळाला सर्दी होईल, त्यापेक्षा स्टीलचं भांडं घ्या ना. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. "बराबर हे," तुम्ही म्हणालात, "लय गार पडतो दगड. पोरगं शिंकंल." पाळकसाहेबांच्या घरून भांडं आलं, ते कुंडाच्या तोंडावर ठेवलं तर डुगडुगायला लागलं. मग तुम्हीच पुढे झालात आणि प्रार्थना संपेपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून ठेवलंत. तुमच्या नखांत भुकटी होती. ती सासूबाईंना दिसू नये एवढीच माझी प्रार्थना चालली होती. मला माझीच किळस येते हे लिहिताना.

माझं बघून बाकीच्यांनीही भांड्याचीच रीत धरली. तुमच्यामागे कुंड आवारात नळाशी गेलं; आता त्यात सदाफुली लावली आहे. दर रविवारी मी त्याच्यावरून जाते. ते आत घ्या, असं एकदाही बोलले नाही, कारण मग का म्हणून सांगावं लागलं असतं. लग्नाची बोलणी चालली तेव्हा सासरच्यांपुढे तुम्हाला बांधकामाचे ठेकेदार मीच केलं होतं ना. तुम्ही तेव्हा मान खाली घालून बसून राहिलात. मुलगाही आजवर तेच समजतो.

परवा त्याचा मेसेज आला. व्याह्यांना आपल्या चर्चमधलं कुंड बघायचंय, फोटो पाठव. मी नळाशी गेले, सदाफुलीची फांदी बाजूला धरून फोटो काढला, पाठवला. लगेच उत्तर: "आई, किती सुंदर आहे हे! कुणी घडवलंय?" तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होतं. तुम्हाला तर ते पोचणार नाही. ज्याला पोचेल त्याला दाखवायचं धाडस माझ्यात नाही, तेव्हा ते कपाटात साड्यांखाली जाईल. आणि आबा, एक कबूल करते. मुलाला उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं होतं. "असेल कुणीतरी पाथरवट," असं लिहिलं मी.