चौथी याहीन

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दात घासत होते, तेवढ्यात जळगावहून अल्तमशचा फोन. "मॅडम, तिसरं गाणंपण बारा लाख व्ह्यूजवर गेलं!" आठवीत माझ्या वर्गात होता तेव्हाही असाच ओरडायचा. आता त्याचा स्टुडिओ आहे. अहिराणी गाणी काढतो — हळदीला डीजेवर वाजतात ती.

तिन्ही गाणी मी लिहिली आहेत. घरात कुणाला माहीत नाही. स्क्रीनवर नुसतं ‘पारंपरिक’ असं येतं, माझ्याच अटीवर. पस्तीस वर्षं धुळ्यात मराठी शिकवलं, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. ‘याहीन बसनी ट्रॅक्टरवर’ ही बाई लिहिते, हे कुणाला कसं सांगू?

‘याहीन बसनी ट्रॅक्टरवर’, मग ‘याहीन पडनी हौदमा’, मग ‘याहीन मांगे गॉगल’. चौथंही याहीनवरच, म्हणजे विहिणीवरच, हवं म्हणतो. "पहिला शब्द बदलला की लोक अंगठ्याने पुढे सरकवतात, मॅडम."

सुचेल तेव्हा देईन म्हटलं. आमची आई मांडवात उभी राहून विहिणीला गाण्यातून सोलून काढायची. मला अजून विहीणच नाही. लेक तेजल एकतीस वर्षांची झाली. मी डोक्यातून किती काढणार!

९ फेब्रुवारी, रविवार

चोपड्याचे पाहुणे येऊन गेले. मुलगा भूषण. केळीची शेती, बोलतो कमी, पण तेजलशी गच्चीवर पाऊण तास बोलत होता. अकरा स्थळांना नाही म्हणणारी माझी मुलगी खाली आली ती लाल होऊन. मी काही विचारलं नाही. कळलं.

मुलाची आई द्वारकाबाई. जेवायला बसल्या. शेवभाजीचा एक घास घेतला, मान हलवली, पर्स उघडली, आतून तिखटाची डबी काढली आणि भुरभुर माझ्या भाजीवर! सगळ्यांसमोर!

"तुम्ही धुयाना लोके फिकं खातस," म्हणाल्या. "भाजीले काही दमच नही."

यांनी तर हसून डबी मागून घेतली. स्वतःच्या ताटासाठी! मी ओठ मिटून पोळ्या वाढल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

चोपड्याहून होकार आला. यांनी पेढे आणले. तेजल स्वयंपाकघरात उगाचच भांडी पुसत होती, कोरडी भांडी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय करू, ओळ सुचलीच. दूध तापवताना.

याहीन उनी पर्स लिसनी,
पर्समा तिखानी डबी वं!

दूध उतू गेलं. अर्ध्या तासात चार कडवी झाली. अल्तमशला पाठवली. उत्तरात नुसती हसरी तोंडं, मोजून अकरा. मी कळवलं, शब्दांत लिही.

१ मार्च, शनिवार

‘याहीननी पर्स’ परवा आलं. आज पाच लाख! शेजारच्या गल्लीतल्या हळदीत वाजलं. हे खिडकीशी उभं राहून बोटांनी ताल धरत होते. "कोण लिहितं गं हे? डोकं आहे माणसाला." मी म्हटलं, गच्चीवरचे कपडे आणा.

२ मार्च, रविवार

पकडले गेले.

तेजल मोबाइलवर ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला थांबली. "आई, ही डबी... आणि ‘धुयानी भाजी’... हे या गाणंवाल्यांना कुणी सांगितलं?" माझ्याकडे बघितलं. मी कांदा चिरत होते. कांदा संपला तरी चिरत होते.

"तू!"

आधी पोट धरून हसली. यांना हाक मारणार होती. मग एकदम खाली बसली.

"आई, त्यांनी ऐकलं असेल तर?"

मी म्हटलं, नाव कुठे आहे त्यात? ती म्हणाली, "सगळ्या चोपड्याला ती डबी माहीत आहे." मग हळूच — "मला भूषण आवडलाय गं."

हे वाक्य मी किती वर्षांपासून ऐकायची वाट बघत होते. आणि ऐकलं ते असं!

३ मार्च, सोमवार

अल्तमशला सांगितलं, काढून टाक. त्याने काढलंही, एका शब्दाने वाद न घालता. पण म्हणाला, "मॅडम, आता ते माझ्या हातात नाही राहिलं. चाळीसगावच्या बँडवाल्यांचं बसवून झालंय."

७ मार्च, शुक्रवार

नऊ तारखेला जळगावला बस्ता ठरला होता. दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचे कपडे घेणार होतो. चोपड्याहून निरोप आला — तूर्त राहू द्या. कारण दिलं नाही. भूषण तेजलला म्हणाला, "आई कुणाशीच बोलत नाही."

तेजल जेवली नाही. यांना आज सगळं सांगितलं. यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चारही तूच?" त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. अशा वेळी! रागवायचं सोडून!

१० मार्च, सोमवार

ठरलं. उद्या मी चोपड्याला जाणार. एकटी. तेजल म्हणते, "नको आई, आणखी बिघडेल." वर्गात खोडी कबूल करायला मुलांना पुढे बोलवायचे मी. आता माझी पाळी.

११ मार्च, मंगळवार

सकाळची एसटी. तिथे पोचले तेव्हा द्वारकाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. ‘या’ म्हणाल्या, एवढंच.

मी बसले नाही. उभ्यानेच एका दमात सांगितलं — गाणं माझं आहे, याहीन तुम्हीच आहात, चूक माझी आहे, मुलांची नाही.

त्यांचे हात थांबले. "बठ्ठं तुम्हीच लिखं? ट्रॅक्टरवालंबी?"

हो म्हटलं, सगळीच गाणी.

त्यांनी सूप दोनदा पाखडून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "याहीनबाई, खिजाडनं ते मांडवमा. समोरासमोर. तुम्ही मोबाइलमा खिजाडं. मी उत्तर कोठे दिऊ?"

खरंच होतं. आईने आयुष्यभर विहिणी सोलल्या, पण समोरच्या बाईला तोंड उघडायची संधी देऊन. मांडव पडायच्या आत, आणि पाठीमागून, असं तिने कधी केलं नाही. मी बी.ए.ला लोकगीतं शिकले आणि एवढं विसरले!

"माफ करा," म्हटलं.

"घर जा. इचार करसू."

चहा दिला. तिखट होता! आल्याचा की रागाचा, कळलं नाही. निघताना पिशवीत केळी घातली. ती प्रत्येकालाच देत असतील. त्यावरून काही समजू नये.

१२ मार्च, बुधवार

फोन नाही.

१५ मार्च, शनिवार

फोन नाही. पण भूषणने तेजलला साडीचा रंग विचारलाय. मी त्यावर बोलणार नाही. दोन वेळा बोलले.

१८ मार्च, मंगळवार

अल्तमशचा फोन. कुजबुजत होता — तो कुजबुजू शकतो, हे आजच कळलं. "मॅडम, चोपड्याहून एक अक्का आल्यात. सोबत दोन जावा. म्हणतात, गाणं भरून दे, पैसे विचारू नको, पहिला शब्द याहीनच पायजे." आणि फोन आतल्या खोलीकडे धरला.

याहीन मनी हेडमास्तरीन,
खडू टाकीसन भाजी करस वं!

मागे जावांचा खोखो. मग द्वारकाबाईच फोनवर — "ऐकं का? आते रविवारले बस्ताले या. आनि उत्तर लिखी आना, मांडवनी वाट दखू नका!"