भेगेवरची काच

आदरणीय व्याहीबुवा,

आमच्या घरातल्या लहानथोर सगळ्यांचा नमस्कार आपणा उभयतांना पोहोचावा. आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांनी गार पाणी पिऊ नये. आपण डॉक्टर आहात हे ठाऊक आहे, पण घरच्या डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, म्हणून बाहेरून लिहितो.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी नाही. पण माझ्या जिवाला घोर नसला की आमची मंडळी घाबरते, कपाळाला हात लावून पाहते. तेव्हा मी बेचैन आहे म्हणजे सगळं जागच्या जागी आहे असं समजावं. सूनबाई चार दिवस माहेरी म्हणून तिकडे आली आहे, ती सुखरूप पोहोचल्याचं चिरंजीवांकडून कळलं. तिच्या पिशवीत मी छत्री घातली होती. ती वापरली का तेवढं पाहा.

पत्र लिहायला कारण आमची भिंत. मागच्या खेपेला आपण आलात तेव्हा जेवून हात पुसता पुसता आपली नजर माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीवर गेली. (मला वाटलं आपण टॉवेल शोधताय, म्हणून मी टॉवेल घेऊन धावलो.) आपण भेगेवर दोन बोटं ठेवलीत, दुसऱ्या हातानं त्यांवर ठोकून पाहिलंत, कान जवळ नेलात आणि पेशंटच्या माणसांना दाराबाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात चिरंजीवांना म्हणालात, "हे घर आता सोडा." एवढं सांगून आपण गाडीत बसून गेलात. पेशंट आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी सहाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे फोटो आणून दाखवले. चांगला होता, खोटं कशाला बोलू! पण माझं शिवणयंत्र पायाचं आहे. ते सहाव्या मजल्यावर चालवलं तर पाचव्या मजल्यावरचा माणूस मला जिवंत ठेवील का? आणि पँटची उंची कमी करायला सहा मजले चढून येणाऱ्या गिऱ्हाइकाची पँट घामानंच आखडेल. रस्त्यावरच्या खोलीत यंत्र, मागे बिऱ्हाड, अशी माझी हयात गेली. मंडळींनी फोटो पाहिले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

पण माझा खरा घोर सूनबाईचा. कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणारी मुलगी. आपल्या घरी मोठ्या खिडक्यांत वाढलेली. आमच्याकडे तिच्या वाट्याला एकच खिडकी, तीही शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडे उघडणारी. तिलाच इथून निघायचं असेल तर मी का आडवा येऊ? विचारून टाकायचं, तर मी जन्मात कुणाला सरळ काही विचारलेलं नाही, कमरेच्या मापाशिवाय. तेव्हा ते विचारायचं सोडून मी तिला विचारलं, "भिंतीला भेग पडते ती कशानं?"

ती म्हणाली, "खालची जमीन हलते, बाबा." मी म्हटलं, "जमीन कशाला हलेल?" इथे माझी चूक झाली. शिकलेल्या माणसाला 'कशाला' विचारू नये. तिनं माझ्याच टेबलावरचे कपडे ओढले आणि पृथ्वी मांडली. वर पातळसं कापड, ते आपण राहतो ते कवच. त्याखाली जाडजूड अस्तर. ते दगडाचंच, पण इतकं तापलेलं की हळूहळू वाहतं. आणि पार मध्ये लोखंडाचा गोळा. इथवर मला पटलं. चांगल्या कोटाचं अस्तर वरच्या कापडापेक्षा जाडच असतं. पण मग ती म्हणाली, वरचं कापड एकसंध नाही, मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सरकत असतात. मी विचारलं, "शिवलेत कशानं?"

"कशानंच नाही, बाबा."

"कच्चा टाकासुद्धा नाही?"

"कच्चा टाकासुद्धा नाही."

व्याहीबुवा, मी शिंपी माणूस. न शिवलेल्या कपड्यावर सगळं जग उभं आहे हे मला या वयात कळलं. मी खुर्चीचे हात धरून बसलो. ती म्हणाली, घाबरू नका, आपली नखं वाढतात साधारण तेवढ्याच वेगानं ते सरकतात. तेव्हापासून मला नखं कापणं नको झालंय. बोट पाहिलं की वाटतं, एवढं आपण गेलो.

बाकीचं मात्र ऐकून बरं वाटलं. दोन तुकडे एकमेकांवर रेटले की चुण्या पडतात, ते डोंगर. पाऊस, वारा आणि नद्या त्या डोंगरांना सतत कातरत असतात. ती कातरण वाहत जाऊन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसते आणि दाबली जाऊन तिचा परत दगड होतो. म्हणजे कातरण वाया जात नाही. (मी कातरणांच्या उशा भरतो, त्याला चिरंजीव हसतात. आता हसून दाखवा.) थरांचा नियमही तिनं सांगितला. कुणी उलथापालथ केली नसेल तर सगळ्यात खालचा थर सगळ्यात आधीचा. हे मला लगेच समजलं. माझ्या कपड्यांच्या ढिगातही सगळ्यात तळाला सगळ्यात आधी आलेलं गिऱ्हाईक असतं, आणि तेच जास्त ओरडतं.

मग तिनं भेगेचा उपाय केला. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून बोटभर रुंदीची पातळ पट्टी आणली, भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवली. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकणार. चिरंजीव म्हणाले, "ठरलं. महिनाअखेरपर्यंत काच तडकली तर फ्लॅट, नाही तर इथेच." मी म्हटलं, बरं. मंडळी म्हणाली, बरं. सूनबाईनं तिची दगड फोडायची हातोडी शेजारच्या खुंटीला अडकवली आणि काहीच म्हणाली नाही. त्या काही न म्हणण्यानं माझी झोप उडाली.

त्या दिवसापासून मी त्या काचेची राखण केली. भिंतीजवळून जाताना पाऊल हलकं टाकायचो. शिंक आली की अंगणात पळायचो. तिच्या दगडांच्या पेट्या सगळ्या माझ्याच खोलीत रचलेल्या आहेत. घराला एका अंगानं भार होत असेल म्हणून एका दुपारी निम्म्या पेट्या ओढून मी स्वयंपाकघरात नेल्या, पँटचे दोन पाय जोखावेत तशा. मंडळींचा पाय पेटीला लागला. तिनं विचारलं, "अहो, मी स्वयंपाक कशाचा करायचा?" पेट्या परत आणल्या. आणताना माझ्या कमरेत जी उसण भरली तिला आपण मागे पाठवलेलं मलम उत्तम लागू पडलं. त्याबद्दल आभार या पत्रात मानायचेच होते.

आणि मग ती गोष्ट झाली. काच तडकली नाही, पण भेग रुंदावली असेल तर? काच बोलेपर्यंत उशीर होईल, म्हणून मी गळ्यातली टेप काढून माप घ्यायला गेलो. टेपच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते. ती काचेला लागली. 'टिक' झालं. माझ्या आयुष्यात एवढा लहान आणि एवढा मोठा आवाज मी ऐकलेला नाही.

घरात कुणी नव्हतं. मी तुकडे खिशात घातले आणि तडक काचवाल्याकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "बोटभर रुंद, वीतभर लांब, बरोबर? आज तुम्ही आलात होय काका! परवा साहेब आले होते. त्याआधी काकू. तुमच्या घरात पट्ट्या खातात की काय?" आणि कापता कापता म्हणाला, "ही पाचवी." मी मनाशी हिशेब केला. पहिली मूळची, एक मंडळींची, एक चिरंजीवांची, ही माझी. चार होतात. काचवाल्याचं गणित कच्चं असेल म्हणून मी सोडून दिलं. मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. मंडळींनी काच फोडून लपवली ते ठीक, तिला घर सोडायचं नव्हतं. पण चिरंजीवांनी का लपवावी? फ्लॅट तर त्यांनाच हवा होता! भर रस्त्यात माझ्या डोक्यात उजेड पडला की पोराला फ्लॅट नकोच आहे. सासऱ्यांचा शब्द खाली कसा पाडायचा, म्हणून बिचारा फोटो घेऊन हिंडत होता. (हे आपल्याला लागेल असं वाटून हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण खरं आहे म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं.)

घरी येऊन मी काच बसवली. प्लास्टर कुठे ठेवलंय ठाऊक नव्हतं, म्हणून कापडावर खुणा करायचा खडू कुटून डिंकात कालवला. पांढरा खडू संपला होता. निळा वापरला. जुने गोळे भिंतीवरून निघेनात, म्हणून त्यांच्यावरच थापला. संध्याकाळी चहाला सगळे बसलो तेव्हा मंडळी म्हणाली, "काच बाई कशी घट्ट आहे!" चिरंजीव म्हणाले, "दगडासारखी." मीही मान डोलावली. त्या घटकेला आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

सूनबाई उठली. भिंग घेऊन काचेपाशी गेली आणि बराच वेळ गोळा निरखत राहिली. मग वर्गात बोलते तशी बोलू लागली. "हा निळा थर सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात नवा. बाबा, खडू?" मी चहात पाहिलं. "त्याखाली सुताराचा पांढरा डिंक." चिरंजीवांना खोकला आला. "त्याखाली कणकेची खळ, मुंग्यासुद्धा लागल्यात." मंडळी म्हणाली, "अगं, जळमटं काढताना केरसुणी लागली गं!" आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. सूनबाई म्हणाली, "आणि तळाला माझं प्लास्टर. आता कळलं का तुम्हाला, आम्ही डोंगर कसे वाचतो ते?"

हसू ओसरल्यावर मला परत घोर लागला. काचा सगळ्या आमच्याच हातांनी फुटल्या, मग भिंतीचं खरं काय? तिनं मला जवळ बोलावलं आणि भेगेत बॅटरी मारली. आतल्या कडांवर पिवळा रंग, पिवळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली हिरवा. हिरवा आम्ही चिरंजीवांच्या जन्माच्या वर्षी लावला होता. रंगाऱ्यांनी दर वेळी भेगेतसुद्धा कुंचला घातलेला. ती म्हणाली, "बाबा, भेग नंतर रुंदावली असती तर आत कोरी वीट दिसली असती. एवढीशीसुद्धा दिसत नाही. घर बांधल्यावर खालची माती एकदा दबली, घर बसलं, आणि मग तसंच बसून राहिलं." मंडळी म्हणाली, "यांच्यासारखं." चिरंजीवांनी फोनमधले फ्लॅटचे फोटो पुसून टाकले. मी त्या संध्याकाळी दोन वेळा जेवलो.

तेव्हा व्याहीबुवा, आपण पेशंट पाहिलात ते योग्यच केलंत, पण हा आजार जुना आणि बरा झालेला निघाला. आपण रागावू नये. पुढच्या खेपेला आलात की पुन्हा ठोकून पाहावं, भिंत आता आपल्या ओळखीची आहे. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर ते शिंप्याच्या हातचं समजून जिथे सैल वाटेल तिथे आपणच दोन टाके घालावेत.

आपला,
व्याही

ता. क. : एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघरात खिडकीच्या वर मला काल एक नवी बारीक रेघ दिसली. मंडळी म्हणते तो माझ्याच यंत्राचा दोरा उडून चिकटलाय, आणि तिनं तो फुंकून उडवलासुद्धा. तरी शास्त्र जाणणाऱ्या माणसानं पाहिलेलं बरं. सूनबाईला घाई करू नका, माहेरी तिनं पोटभर राहावं. पण सकाळची गाडी चांगली असते, बसायला जागा मिळते. ती गेल्यापासून 'कशाला' विचारायला घरात कुणी नाही. चिरंजीवांना विचारलं तर ते 'असंच' म्हणतात.

ता. क. दुसरा (हा आपण एकट्यानंच वाचावा) : काल निवांतपणी मी ते गोळे भिंतीवरून खरवडले. निळा निघाला, पांढरा निघाला, कणीक निघाली. मग प्लास्टर यायला हवं होतं. पण प्लास्टरच्या वर मधाच्या रंगाचा एक चकचकीत थर लागला. फुटके दगड सांधायचा तिचा तो डिंक मी ओळखतो, माझ्या चष्म्याची काडी तिनं त्यानंच जोडली आहे. म्हणजे काचवाल्याचं गणित पक्कं होतं. खालचा थर आधीचा, हे तिनंच शिकवलंय. पहिली काच तिच्याच हातून फुटली, बहुतेक पुढे कधीतरी हातोडी परत खुंटीला लावताना. तेव्हा मी अजून शिंकायला अंगणातच पळत होतो. 'तडकली' एवढं म्हणाली असती तर त्याच दिवशी मोठ्या खिडकीचा फ्लॅट मिळाला असता. ती म्हणाली नाही. जे विचारायला मी इतके दिवस घाबरत होतो त्याचं उत्तर भिंतीवर होतं, आमच्या सगळ्यांच्या उत्तरांच्या खाली. तिला यातलं काही सांगू नका. मी वरून परत निळा खडू थापला आहे.

ता. क. तिसरा : थापताना काच पुन्हा फुटली. आमचा काचवाला आता मला पाहिलं की हसतो. सूनबाईबरोबर तिकडून एक पट्टी पाठवावी. बोटभर रुंद, वीतभर लांब.